सुरकुतलेली रिबन

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

नवं पीसीआर मशीन आज सुरू झालं. पूजा झाली. लॅबच्या प्रमुख अनिता मॅडमनी नारळ माझ्या हातात दिला. हा विभाग तुझा, तूच फोड, म्हणाल्या. फोडला. पाणी ॲप्रनवर उडालं.

गाठीच्या पेशींमधला डीएनए तपासायची सोय आता बारामतीत आमच्या लॅबमध्ये आहे. आजवर असे नमुने पुण्याला जात. मी प्रशिक्षणही तिथेच घेतलं. विभागात सध्या मी एकटीच. लॅबच्या नोंदी लॅबमध्ये राहतील. ही वही घरची आहे, कोणी तपासणार नाही, म्हणून जास्त नीट लिहायला हवी.

ठोकळे कापणारे भीमाकाका मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेलेत. तोवर ते कामही माझ्याकडे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. तो मायक्रोटोमवर लावून चाक फिरवलं की पातं त्याचे केसाहून पातळ काप काढतं आणि ते एकमेकांना चिकटून रिबनसारखे बाहेर येतात. रिबन कोमट पाण्यावर सोडायची, काचेच्या स्लाइडवर उचलायची, मग रंगवायची. हे काम मला आवडतं. मॅडमना मी तसं म्हटलेलं नाही. मग तेच देतील.

आज लासुर्ण्याच्या एका रुग्णाचा ठोकळा होता. फुप्फुसातली गाठ. सुईने काढलेले तुकडे, शेवईच्या चुऱ्यासारखे. पहिली रिबन पाण्यावर सुरकुतली. टाकली. दुसरीत पात्याची रेघ आली. टाकली. पातं बदललं, ठोकळा काढून पुन्हा बसवला, पुन्हा सपाट करून घेतला. तिसरी रिबन अशी आली की मी चाक थांबवून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात तपासणी पथक येणार आहे. मॅडमना त्यांना दाखवायला चांगल्या स्लाइड्स हव्या आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लासुर्ण्याच्या रुग्णाचं निदान झालं. फुप्फुसाचा कॅन्सर, ग्रंथींच्या पेशींपासून सुरू होणारा प्रकार. मॅडमनी रिपोर्ट लिहायच्या आधी काउंटरवरच्या मुलींनासुद्धा बोलावून स्लाइड दाखवली. "बघा गं, काप असा असतो." मग सूक्ष्मदर्शकातून फोटो काढला आणि मला पाठवला. गुलाबी जमीन, जांभळे ठिपके, कुठे एक रेघ नाही.

घरी अब्बांनी फोटो बघितला. अम्मी म्हणाली, ओढणीचं कापड दिसतंय. अब्बांचं इंदापूर रस्त्याला ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान आहे. शिवण एक टाकाही वाकडी गेली तर गिऱ्हाईक उभं असताना उसवतात. त्यांनी मला विचारलं, हे सगळं तू कापलंस का. मी हो म्हणाले. झोपताना पाहिलं तर त्यांच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत स्वतःच्या चेहऱ्याऐवजी ती स्लाइड होती.

हा एका माणसाचा कॅन्सर आहे, असा फोटो लावत नाहीत, हे सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तपासणी चांगली झाली. पथकातल्या बाईंनी ती स्लाइड दोनदा मागून घेतली.

दुपारी लासुर्ण्याच्या रुग्णाचा मुलगा आला. दादासाहेब नाव, लोणी देवकरच्या एमआयडीसीत कारखान्यात पाळी करतात, तिथूनच थेट आले होते. पुण्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे. गाठीतलं जनुक तपासा. मला काउंटरवर बोलावलं.

मी समजावून सांगितलं. काही माणसांच्या गाठीत एक विशिष्ट जनुक बिघडलेलं असतं आणि गाठ त्याच्या जोरावर वाढते. तसं असेल तर त्याच जनुकाला अडवणारी गोळी मिळते, रोज घरी घ्यायची. नसेल तर सलाइनमधून केमो. त्यांनी विचारलं, त्यांच्या वडिलांच्या गाठीत ते असण्याची शक्यता किती. मी विचारलं, विडी ओढतात का. म्हणाले, विडीला कधी हात लावला नाही. मग शक्यता चांगली आहे, असं मी म्हणाले. असं म्हणायला नको होतं, पण ते खरं होतं.

पुन्हा सुई घालता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या वेळी फुप्फुसातून हवा सुटली, छातीत नळी घालून दवाखान्यात ठेवावं लागलं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता परत नाही, आहे त्या तुकड्यावरच करा.

मी म्हणाले, ठोकळा आमच्याकडेच आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ठोकळा मायक्रोटोमवर लावला. पहिला काप मेणाचा. दुसरा मेणाचा. मी चाक फिरवत राहिले. ठोकळा उजेडात धरला. आरपार पांढरा.

मेण. नुसतं मेण.

तुकडे पुरेसे होते. ते मी टाकलेल्या दोन रिबनींत होते, आणि पातं बदलून ठोकळा पुन्हा सपाट करताना खाली पडलेल्या चुऱ्यात होते. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सुईचे तुकडे असतील तर ठोकळा एकदा बसवायचा, जेवढे काप येतील तेवढे धरायचे, जास्तीचे न रंगवता बाजूला ठेवायचे. सुरकुतलेले असले तरी. रिबन सरळ आहे की चुरगळलेली, याने डीएनएला काही फरक पडत नाही. फरक फक्त बघणाऱ्याला पडतो.

मॅडमनी विचारलं, किती शिल्लक आहे. मी म्हणाले, "काही नाही मॅडम. तुकडे बारीक होते." दोन्ही वाक्यं खरी आहेत. मॅडमनी रिपोर्टवर लिहिलं, नमुना अपुरा. तेही खरं आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रिपोर्ट घ्यायला रुग्ण स्वतः आले. म्हस्कूआबा. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, टोपी काढून हातात धरलेली. बरोबर बायको म्हाळसाबाई. मी आतच थांबणार होते, पण दादासाहेबांनी माझं नाव घेतलं, म्हणून बाहेर गेले.

म्हाळसाबाईंनी विचारलं, तुकडा कमी पडला म्हणजे काय. मी म्हणाले, तपासणीला लागतो तेवढा मिळाला नाही. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मी म्हणलं न्हवतं? हाललासा तुमी. तरी डाक्टर सांगत हुता, हालू नगा. उभा जलम मेंढरं कातरताना दुसऱ्याला दाबून धरलं, आन् सवताला घडीभर धरता आलं न्हाय."

काउंटरवरच्या मुली हसल्या. म्हस्कूआबाही जरासे हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलं म्याडम. सुई टोचली तवा अंगात कळ आली. हाललो असंन. तुमाला उगं तरास झाला."

मी म्हणाले, त्रास कसला.

त्यांनी माफी मागितली आणि मी ती घेतली. घेतली म्हणजे नाकारली नाही. सुई घालणाऱ्या डॉक्टरांचं पत्र नमुन्याबरोबर आलेलं मी वाचलं होतं. रुग्ण हालला, असं त्यात कुठे नाही. 

मंगळवार, २ डिसेंबर

आठवडाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी रक्तातून तपासणी करून पाहिली. गाठीचा डीएनए कधी कधी थोडा रक्तात उतरतो. सापडला नाही. रक्तात सापडला तर आहे म्हणता येतं, नाही सापडला तर काहीच म्हणता येत नाही. थांबता येत नव्हतं म्हणून केमो सुरू केली. हे दादासाहेबांनी फोनवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये वडिलांच्या रक्तपेशी मोजायला कधी आणू, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

अब्बांच्या फोनवर तो फोटो अजून आहे. आज एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं, हे कव्हरचं नवं डिझाईन का. अब्बा जेवताना हे सांगून स्वतःच हसले. मी पाणी प्यायला उठले.

मंगळवार, ९ डिसेंबर

म्हस्कूआबा रक्त द्यायला आले. केस गळायला लागलेत, टोपीच्या कडेला चिकटले होते. तोंड आलंय, भाकरी जात नाही, ताकात कुस्करून चोखतात. रक्त घेणारी मुलगी जेवायला गेली होती, म्हणून मी घेतलं. हात सुईखाली अजिबात हालला नाही. मी तसं म्हणाले नाही, पण त्यांनीच विचारलं.

"हाललो का?"

"नाही, आबा."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. म्हाळसाबाईंनी मग सगळं सांगितलं. डॉक्टर आज नाही म्हणतोय, पण उद्या हो म्हणाला आणि पुन्हा सुई घालायची वेळ आली तर तयारी असावी, म्हणून हे रोज दुपारी पडवीत उताणे पडतात. छातीवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. म्हाळसाबाई शेजारी लसूण सोलत बसतात. पाणी हललं की ओरडायचं. आधी लगेच सांडायचं. आता खोकला दाबूनसुद्धा सांडत नाही.

"नातवंडं जमत्यात बघाय," त्या म्हणाल्या. "आबाची सर्कस म्हणत्यात."

म्हस्कूआबा म्हणाले, "ह्या बारीला तुकडा कमी पडू द्यायचा न्हाय म्याडम."

मी बाटलीवर त्यांचं नाव लिहिलं. अक्षर नीट आलं नाही, दुसरं लेबल लावलं.

केमोत खोकला दाबून, छातीवर पाणी घेऊन हा माणूस रोज पडून राहतो आहे, कारण मला एक रेघ सहन झाली नाही.

बुधवार, १० डिसेंबर

एक मार्ग आहे. तो पहिल्या दिवसापासून होता. मी तिकडे बघत नव्हते, कारण तिकडे बघायचं तर मॅडमना सगळं सांगावं लागणार होतं.

रंगवलेल्या स्लाइडवर पेशी आहेतच. काच उघडून, त्या खरवडून, त्यातून डीएनए काढता येतो. थोडा मिळतो, रंगाने कधी बिघडतो, पण निघतो. फक्त ती स्लाइड संपते. निदानाची स्लाइड लॅबला वर्षानुवर्षं जपावी लागते. मॅडमच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही.

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी विचारलं की बाजूला ठेवलेले न रंगवलेले काप असतील ना, स्लाइड कशाला. मी सांगितलं. दोन्ही रिबनींचं, पातं बदलल्याचं, पुन्हा सपाट केल्याचं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुरकुत्यांनी डीएनए बिघडत नाही, मुबशिरा."

"हो मॅडम."

"हे तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाल्या, कौतुक आम्हीही केलं. हे त्या मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली, दादासाहेबांनाही सांगितलं की जुन्या स्लाइडवरून एक प्रयत्न करतोय. दोन स्लाइड्स आहेत, एक जपायलाच हवी. त्यांनी विचारलं, पेशी जास्त कुठल्या स्लाइडवर आहेत.

"चांगल्या स्लाइडवर," मी म्हणाले.

"मग तीच."

मी दाराशी असताना म्हणाल्या, घरच्यांना एवढंच सांगायचं, जुन्या स्लाइडवरून निकाल काढला. बाकीचं कळून त्यांना काय उपयोग. निकाल नाही आला, तर मग मुळीच सांगायचं नाही.

मला हायसं वाटलं. हे लिहून ठेवते.

शुक्रवार, १२ डिसेंबर

स्लाइडचा आधी पूर्ण फोटो घेतला, नोंद केली. वरची पातळ काच चिकटवलेली असते. ती सुटायला स्लाइड झायलीनमध्ये बुडवून ठेवली होती. आज सकाळी काच आपोआप सरकली. मॅडमनी गाठीच्या भागाभोवती मागच्या बाजूने पेनाने गोल काढून दिला होता.

पातं नवीन घेतलं. ते मायक्रोटोमचंच होतं, त्याच डब्यातलं. गोलाच्या आत एका कडेपासून खरवडायला सुरुवात केली. जे जमिनीसारखं सपाट दिसत होतं, ते पात्यापुढे गोळा होऊन चिमूटभर जांभळी धूळ झालं. ती नळीत घेतली. श्वास धरून. उडून गेली असती तर पुन्हा नव्हती.

काच उजेडात धरली. मधोमध रिकामी जागा, कडेला थोडा गुलाबी रंग. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं. कोणाला दाखवण्यासाठी नसलेलं काम मी पहिल्यांदाच केलं.

नळीत एन्झाइम टाकून ती गरम ठेवली आहे. पेशी विरघळायला वेळ लागतो.

सोमवार, १५ डिसेंबर

डीएनए मोजला. फार थोडा आहे. एकदाच तपासणी होईल एवढा. दुसऱ्यांदा करायला उरणार नाही.

आज तपासणी लावायची घाई केली नाही. घरी येताना उसाच्या ट्रॉल्यांमुळे काटेवाडीपासून रस्ता तुंबला होता, स्कूटीवर धूळ खात उभी राहिले आणि त्या वेळेत सगळ्या पायऱ्या मनात परत म्हटल्या. बुधवारी करणार.

बुधवार, १७ डिसेंबर

सकाळी नळ्या मशीनला लावल्या. पडद्यावर आधी नियंत्रणाची रेघ वर येते. ती आली तर निदान डीएनए वाचण्याजोगा आहे. बराच वेळ काही वर आलं नाही. मॅडम चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या, प्यायल्या नाहीत.

नियंत्रणाची रेघ उठली. उशिरा, पण उठली. मग दुसरी, बिघाडाची.

ईजीएफआर जनुकाचा एक तुकडा गळालेला आहे. ज्यावर गोळी सर्वांत चांगली लागू पडते, तोच बदल.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुण्याला फोन लावायला गेल्या. मी पडद्याकडे पाहत राहिले. ही रेघ ज्या रिबनीतून भरभक्कम वर आली असती, ती मी नोव्हेंबरात कचऱ्यात टाकली. माणूस तेव्हाच गोळीवर गेला असता. तोंड आलं नसतं. पाण्याचा पेला छातीवर आला नसता.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज तिघंही आले. दादासाहेबांनी पेढे आणले होते. काउंटरवर, ज्यांच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या त्यांनाही वाटले. मॅडमनी रिपोर्ट दिला, उद्या पुण्याला जाऊन गोळी सुरू करा म्हणाल्या आणि आत गेल्या. मीही जाणार होते.

म्हाळसाबाईंनी विचारलं, "पन सुई तर न्हाय घातली परत. मग ह्यो कुठनं घावला?"

मी सांगितलं, जुन्या स्लाइडवरून. त्यांनी जरा विचार केला.

"म्हंजी पुरतं हुतं की हो."

म्हस्कूआबा म्हणाले, "मी तुला म्हणत हुतो. एवढा बी काय हाललो न्हवतो." आणि हसले. ते हसणं मला बघवेना. महिनाभर अंगावर असलेलं ओझं अर्धंच उतरलेला माणूस असा हसतो.

मी म्हणाले, "आबा, तुकडा पुरेसा होता. तुमचं काही चुकलं नाही. मी त्याचे काप टाकून दिले."

काउंटरवरच्या मुलींनी मान वर केली.

"का वं?" म्हस्कूआबांनी विचारलं. रागाने नाही, माहिती म्हणून.

"त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. तपासणीला चालले असते. दिसायला चांगले नव्हते, म्हणून टाकले."

म्हाळसाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सुरकुत्या पडल्या म्हणून टाकाय लागले, तर ह्यास्नी मी कवाच उकिरड्यावं टाकलं असतं." एक मुलगी हसली. म्हाळसाबाई मात्र हसल्या नाहीत. नवऱ्याच्या हातातली टोपी घेऊन तिच्यावरचे केस एकेक वेचायला लागल्या, आणि खाली बघतच म्हणाल्या, "महिनाभर ह्यास्नी मी बोलत हुते. रोज."

दादासाहेबांनी पेढ्यांचा खोका बाकावर ठेवला. विचारलं, "या महिन्यात गाठ वाढली असेल?"

"वाढली असेल. किती ते सांगता येणार नाही."

"केमो लागली नसती."

"नाही. लागली नसती."

ते म्हणाले, "हे मला लेखी द्या. तुमचं नाव घालून."

मी कागद घेतला. मला द्यायचं होतं. तारीख लिहिली, तेवढ्यात म्हस्कूआबांनी कागदावर पंजा ठेवला.

"काय लेखी? मी बी हाललो हुतो. तुकडाच एवढुसा आला. त्यातनं काढलं हितं, हे काय कमी हाय?"

दादासाहेब म्हणाले, तुम्हीच आता म्हणालात, हाललो नव्हतो.

"बायकू बोलती म्हणून म्हणालो. हाललो हुतो. सुई टोचल्यावर चांगला हाललो. चल, यष्टी जाईल."

एसटीने ते आले नव्हते. दादासाहेबांच्या गाडीतून आले होते. दादासाहेबांनी वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी काढायला गेले. पेढ्यांचा खोका तिथेच राहिला.

मी म्हणाले, "आबा, तुम्ही हालला नाहीत."

"तुला काय म्हाईत? तू हुतीस का तितं?"

आजवर ते मला म्याडम म्हणत होते. दुखावले असावेत. शेवटी खरं सांगूनही त्यांना पटलं नाही. हे पुराव्याने दाखवायला हवं.

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी मॅडमना काउंटरवरचं सगळं सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं. आता काय करायचं म्हणतेस, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, रिपोर्टमध्ये दुरुस्ती. त्यांनी स्वतः लिहिली, नमुना पुरेसा होता, तो लॅबमध्ये कापताना वाया गेला. फक्त पुण्याच्या डॉक्टरांना पाठवली. माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

सुई घालणाऱ्या डॉक्टरांनाही फोन केला. आमच्या पहिल्या रिपोर्टमुळे नाव त्यांचं खराब झालं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मलाही आश्चर्य वाटलं होतं, तुकडे चांगले आले होते. मी विचारलं, रुग्ण हालला होता का.

"तो? दगडासारखा पडून होता. असे दोन पेशंट रोज मिळाले तर बरं होईल."

घरी आल्यावर अब्बांना सांगितलं की तो फोटो काढा. का, ते विचारलं. सांगितलं. अब्बांनी फोन हातात घेतला, बराच वेळ स्लाइड बघितली, आणि काढली. जागा रिकामी ठेवली आहे. स्वतःचा फोटो परत लावलेला नाही.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

म्हस्कूआबा रक्त द्यायला आले. गोळी सुरू होऊन थोडे दिवस झालेत. चेहऱ्यावर आणि नाकावर पुरळ आलंय. गोळी काम करू लागली की असं येतं, असं मी सांगितलं. म्हाळसाबाई म्हणाल्या, म्हातारपणी तोंडावर तारुण्यपिटिका आल्या, आता दुसरं लगीन लावावं लागंल. खोकला कमी आहे. भाकरी जाते, कुस्करून का होईना.

त्या पावती घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी सुई काढून कापूस दाबला आणि म्हणाले, सुईच्या डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, तुम्ही दगडासारखे पडून होता. जराही हालला नाहीत.

त्यांनी कापूस स्वतः धरला. दाराकडे पाहिलं. बाहेर दादासाहेब गाडीला टेकून उभे होते.

"मला ठाव हाय," म्हणाले. "मेंढरू धरणारा मानूस मी. हालंन कसा? घरात म्हातारी बोलाय लागली, तवा मला बी वाटाय लागलं, हाललो असंन म्हणून. पन न्हाय हाललो."

"मग त्या दिवशी..."

"दादासायबाला सांगू नगंस." ते उठले, टोपी घातली. "तो कागूद घिऊन कुठं कुठं जाईल. तुजं काम जाईल. मग माज्यासारक्याचं कापनार कोन? टाकू नगंस म्हंजी झालं."

मी बाटलीवर लेबल लावलं.

त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. दादासाहेबांनी मला पाहून मान जरा हलवली, पहिल्यांदाच. वडिलांना हात धरून गाडीत बसवताना म्हणाले, आबा, सुईच्या वेळीही असे शांत राहिला असतात तर. म्हस्कूआबा म्हणाले, "व्हय बाबा. चुकलंच माजं."

मी चार पावलांवर उभी होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गाडी निघून इंदापूर रस्त्याला लागेपर्यंत मी उभी राहिले. त्यांनी सांगू नको म्हटलं म्हणून गप्प राहिले, की मला तेच सोयीचं होतं म्हणून, हे तपासायला माझ्याकडे काही साधन नाही.

आत येऊन दुसऱ्या रुग्णाचा ठोकळा लावला. पहिली रिबन सुरकुतली. धरून ठेवली.